भेव कशाचं?
(शताब्दी सोहळ्यात केलेल्या चिंतनाचा मजकूर)



माझं शिक्षण चौथी. वहीत लिहून आणलंय ते वाचतो, मध्येच तोंडी सुटलो तर सांभाळून घ्या. आज कीर्तन नाही, म्हणून अभंग घेत नाही. एक गोष्ट सांगायची आहे. चाळीस वर्षं झाली, कुठल्याही कीर्तनात सांगितली नाही.

आधी घरातलं सांगतो. नातू मोबाइलवर भाषणं ऐकतो. एक पुढारी म्हणतो, ते लोक तुमची घरं घेणार. दुसरा म्हणतो, हे लोक तुम्हाला जगू देणार नाहीत. परवा जेवताना पोरगं म्हणालं, "आबा, आपला देश टिकंल का?" माझा घास हातातच राहिला. बारावीचं पोर, आणि अशी काळजी! मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

१९८४ चा मे महिना. भिवंडी पेटली होती. १९७० सालीही पेटली होती, पण तेव्हा मी लहान. बाजार बंद होता नि घरात मीठ संपलं होतं, एवढंच आठवतं. ८४ ला मात्र जाणता होतो, गळ्यात माळ होती. गावात बातमी आली, "ते येतायत, गाड्या भरून येतायत." कोणी पाहिलं? कोणीच नाही. कोणाच्या तरी मेव्हण्यानं ऐकलं होतं. आम्ही पंधरावीस जण काठ्या घेऊन रस्त्यावर राखणीला बसलो. मध्यरात्र उलटली नि तानसेच्या बाजूनं दोन दिवे दिसले. कोणीतरी ओरडलं. मी दगड उचलला नि मारला.

काच फुटली. गाडी थांबली. ट्रकात गवताच्या गासड्या होत्या, मुंबईच्या तबेल्यांसाठी निघालेल्या. आपल्याच भागातलं गवत. चालवणारा भिवंडीचा मुसलमान. आत बसून हात जोडत होता, नि आम्ही बाहेर उभं राहून त्याच्याइतकेच थरथरत होतो. त्याला पाणी दिलं, सोडलं. दगड कोणी मारला हे तो विचारत नव्हता, मीही सांगितलं नाही. पुढच्या हंगामात तो गवत न्यायला आमच्याच खळ्यावर आला. नवी काच होती. माझ्या घरचा चहा प्याला. तेव्हाही बोललो नाही. आता तो माणूस कुठं आहे ठाऊक नाही.

माउली, त्या रात्री मी दुष्ट नव्हतो. संध्याकाळी हरिपाठ म्हणून गेलो होतो. भ्यालो होतो, बस्स.

आता पुढचं ऐका. १९८८ च्या सुमारास भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे साहेब आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यात जादू काही नव्हती. त्या त्या वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि पोलीस एकत्र बसायचे. भांडण नसलं तरी बसायचे, हे महत्त्वाचं. नळ, गटार, पोरांची मारामारी, असले विषय. त्यातून झालं काय, तर माणसाला माणसाचं नाव ठाऊक झालं. अफवा आली की विचारायला कोणीतरी होतं.

मग ६ डिसेंबर १९९२ आला. दत्तजयंतीचे दिवस होते. अयोध्येची बातमी आली नि सगळे म्हणाले, आता भिवंडी संपली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मुंबई जळाली, शेकड्यांनी माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. तेच गाव, तेच यंत्रमाग, तीच दोन्हीकडची माणसं! ज्या गावाचं नाव दंगलीशिवाय कोणी घेत नव्हतं, तेच.

गोड बोलून चालणार नाही. २००६ साली तिथंच दोन पोलिसांचा जीव गेला. शेत एकदा बेणलं म्हणून तण कायमचं जात नाही. पण जे एकदा झालं ते होऊ शकतं, एवढं तरी कळलं ना? हे मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "हे मोबाइलवर कोणी सांगत नाही." म्हणलं, शांत राहिलेल्या रात्रीची बातमी होत नाही बाबा.

आणि आपण वारकरी. आपल्याला देश नकाशावरून नाही, पायानं कळतो. नामदेवराय पंढरीहून निघाले ते पंजाबात घुमानला पोचले. त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. त्या काळात काय निर्भय रस्ते होते? तुकोबारायांची पालखी देहूतून निघते नि अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी पहिली आरती होते. ही रीत कुठल्या पुढाऱ्यानं घातली नाही, नि आजवर कुठल्या पुढाऱ्याला मोडताही आली नाही. आपल्या गणेशपुरीचं बघा. नित्यानंद बाबा दक्षिणेतून आले. त्यांची भाषा कोणती, जात कोणती, हे विचारत बसलो असतो तर आज कुंडावर कोण आलं असतं?

नातवाला मी देश टिकंलच असं वचन दिलं नाही. मी कोण देणार? एवढंच सांगितलं, की पुढचा मेसेज आला की आधी विचार, कोणी पाहिलं? मेव्हण्यानं ऐकलं असेल तर पुढं पाठवू नको.

शताब्दीच्या या पताका वर लागल्यात ना, त्यांचं कापड भिवंडीच्या मागावरचं आहे. आणायला पोराला सोबत नेलं होतं. मागवाला उत्तरेकडचा, त्याला मराठी येईना, पोराला त्याची बोली कळेना. तरी दोघं कापसाच्या भावावर अर्धा तास बोलले. मी चहा पीत बसलो.

यंदा कार्तिकीला आळंदीला तोही चालणार आहे. भात झोडून झालं की निघू. चार्जिंगची सोय आहे का विचारतो. म्हणलं, पाण्याच्या टेम्पोत आहे, पण विणेकऱ्याच्या मागं नंबर लागतो.

रामकृष्ण हरी.