पासष्टीनंतरची केमो



अध्यक्षीय भाषणात संस्थेचा इतिहास सांगायची रीत आहे. तो सचिवांनी अहवालात सांगून टाकला, म्हणून मी सुटलो. थेट विषयाकडे येतो.

विदर्भात रक्ताचा आजार म्हटला की आपलं लक्ष आधी सिकलसेलकडे जातं, आणि जायलाच हवं. पण त्याच ओपीडीत अडुसष्ट-सत्तर वर्षांचे एक आबाजी बसलेले असतात. हिरड्यांतून रक्त येतंय, ताप हटत नाही, गावी लोहाच्या गोळ्या आणि बी-बाराची इंजेक्शनं घेऊन झालीत, दोन पिशव्या रक्त चढवून झालंय. स्मिअरवर ब्लास्ट दिसतात. मग आपण मुलाला बाजूला घेतो आणि सांगतो, "या वयात केमो झेपायची नाही. घरी न्या, सेवा करा."

माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते कधीकधी बरोबरही असतं. पण आपण ते फार लवकर बोलतो.

या निराशेला कारण होतं, हे मान्य करू. सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस, ही आपली 'सेव्हन प्लस थ्री' १९७३ पासूनची. तरुणाला ती तारते. सत्तरीतल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती जड जाते. शिवाय म्हातारपणातला मायलॉइड ल्युकेमिया मुळातच जास्त चिवट असतो. बरेचदा तो जुन्या मायलोडिस्प्लासियातून उगवलेला असतो, त्याचे क्रोमोसोम बिघडलेले असतात. तरीही स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २००९ मध्ये दिसलं, की जोरकस उपचार मिळालेल्या वृद्धांत सुरुवातीचे मृत्यू नुसत्या आधाराच्या उपचारापेक्षा कमी होते. निवडून घेतलेले रुग्ण होते, हा आक्षेप रास्त आहे. पण कोणीतरी त्यांना नीट पाहून निवडलं होतं, हेही विसरू नका.

२०२० मध्ये व्हिआले-ए चाचणी आली. पंचाहत्तरीपुढचे, किंवा इतर आजारांमुळे जोरकस केमो न झेपणारे रुग्ण. नुसत्या ॲझासिटिडिनवर मध्यम आयुर्मान ९.६ महिने, सोबत व्हेनेटोक्लॅक्स दिलं तर १४.७. "पाच महिन्यांसाठी एवढा खटाटोप?" असं विचारणारे इथेही बसले असतील. त्या पाच महिन्यांची किंमत ठरवायचा अधिकार तुमचा-माझा नाही, आबाजींचा आहे. आणि नेमकं त्यांनाच आपण विचारत नाही. मुलगा दारातच आपल्याला गाठतो, "साहेब, बाबांना काही सांगू नका."

गोंदियाकडच्या एका आजीने मुलाला गप्प बसवून मला विचारलं होतं, "मले सरळ सांगून द्या न डॉक्टरसाहेब, धान घरी येतपर्यंत राहीन का मी?" तिला हवं असलेलं उत्तर कुठल्याच शोधनिबंधात नव्हतं. पण तिच्या प्रश्नावरून उपचार ठरवता आला. सुया घ्यायला ती तयार झाली. नागपुरात खोली करून राहायला मात्र साफ नाही म्हणाली.

आणि दोन गोष्टी तपासल्याशिवाय कोणालाही घरी पाठवू नका. पहिली, मायलॉइडमधला एम-थ्री प्रकार. नुसती शंका आली तरी त्याच दिवशी ट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू करा, मग आर्सेनिक, म्हणजे वैद्यांचा सोमलच. हा रोग बरा होतो. वय पाहून असा रुग्ण परत पाठवला, तर तो अपराध आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुसरी, लिम्फोब्लास्टिकमधला बीसीआर-एबीएल. वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढत जातं आणि इमॅटिनिब व स्टेरॉइडवर, जोरकस केमोशिवायही, रोग आटोक्यात येऊ शकतो.

आणि झेपेल की नाही हे कसं ठरवायचं? बोस्टनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांना चार मीटर चालवून पाहिलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: चालीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने घटला, की मृत्यूचा धोका वाढतो. आपल्या कॉरिडॉरच्या फरशीवर खडूने दोन रेघा ओढा आणि मोबाइलवर वेळ लावा. यासाठी कुठल्या निधीची वाट पाहायची?

आता त्या आजीची अडचण. ॲझासिटिडिन महिन्यातून सात दिवस, कातडीखाली टोचायचं. त्यासाठी प्रत्येक वेळी नागपूर कशाला? पण नेहमीच्या पाण्यात कालवलेली कुपी बाहेर तासभरही टिकत नाही, म्हणजे इथून कालवून धाडता येत नाही. जिल्हा रुग्णालयातच शिकलेली नर्स हवी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रांची घोषणा झाली आहे. त्यांत ही नर्स असेल, हे आपण पाहायला हवं. प्लेटलेटचं कोडं मोठं आहे. पाचच दिवस टिकतात, २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. आपल्या मे महिन्याबद्दल मी वेगळं बोलत नाही.

पैशाचं थोडक्यात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. सदुसष्टच्या माणसाने काय करायचं? त्याला महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर पाठवा. बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल सोबत असेल तर व्हेनेटोक्लॅक्सची मात्रा ४०० मिलिग्रॅमवरून १०० वर आणावीच लागते. ती न आणणं धोक्याचं, आणि आणली की गोळ्यांचा खर्च चौथाईवर येतो.

ज्यांनी सगळं ऐकून "नको" म्हटलं, त्यांना हायड्रॉक्सियुरिया, रक्त आणि गरज पडली तर मॉर्फिन द्या. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मॉर्फिनच्या परवान्यांची सबब फारशी उरलेली नाही.

नागपुरात कर्करोगाची नोंदवही १९८० पासून आहे. रोग तिच्यात उतरतो. रुग्णाला उपचाराशिवाय घरी का पाठवलं, ते उतरत नाही. म्हणून एक पानाचा फॉर्म तयार केला आहे: वय, चार मीटरला लागलेले सेकंद, एम-थ्री आणि बीसीआर-एबीएल तपासलं का, निर्णय कोणी घेतला, रुग्णाला विचारलं का. शेवटच्या दोन रकान्यांवरून कार्यकारिणीत वाद झाला, तरी मी ते ठेवले. गठ्ठे नोंदणीच्या टेबलावर आहेत. चहाला जाताना आपापल्या जिल्ह्याचा उचला. भंडारा आणि गडचिरोलीच्या मंडळींनी आधी मला भेटावं, त्यांच्याकडे नर्सच्या प्रशिक्षणाच्या तारखा आजच ठरवायच्या आहेत.