हिंज स्टेप बसवताना: पायरी छोटी, जोर मोठा

आज एका छोट्याशा अ‍ॅक्सेसरीबद्दल बोलायचंय: हिंज स्टेप. थार किंवा जीप रँग्लर बघितली असेल तर दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात हे लक्षात आलं असेल. त्या बिजागरीच्या बोल्टांवर धातूची एक छोटी, दुमडणारी पायरी बसवतात. त्यावर एक पाय ठेवायचा, हाताने रॅक धरायचा आणि टपावरच्या बॅगेचा पट्टा आवळायचा. दोन्ही गाड्यांची उंची सहा फुटांच्या आसपास, त्यामुळे जमिनीवरून टपाच्या मध्यापर्यंत हात पोहोचत नाही. कल्पना चांगलीच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मला नेहमी विचारतात, "आईला गाडीत चढायला त्रास होतो, हिंज स्टेप लावू का?" नको. ही पायरी असते गुडघ्याच्या वर आणि दाराच्या पुढच्या कडेला. म्हणजे सीटपासून लांब. आईसाठी दाराच्या खाली, चासीला धरून बसवलेली साइड स्टेप आणि आत धरायला एक चांगला हँडल लागतो. हिंज स्टेप टपाच्या कामासाठी आहे, आत बसायच्या कामासाठी नाही.

आता थोडं गणित. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं इथे खरंच उपयोगी पडतं. समजा माणूस ८० किलोचा आणि त्याचा पाय बोल्टांपासून १० सेंटीमीटर बाहेर. पायरी खाली दाबली की प्लेटची खालची कड गाडीवर टेकते आणि वरचा बोल्ट बाहेर ओढला जातो. तो बोल्ट त्या कडेपासून ४ सेंटीमीटर वर असेल, तर त्यावरची ओढ ८० गुणिले १० भागिले ४, म्हणजे जवळजवळ २०० किलो. हे शांतपणे उभं राहिल्यावर. धपकन उडी मारून चढलात तर दुप्पट धरा.

घाबरू नका, बोल्ट सहसा तुटत नाही. ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सहन करतो. अडचण बाकीच्या साखळीत असते: पायरीचं वेल्डिंग, प्लेटची जाडी, आणि बोल्ट ज्या आट्यांत जातो ते आटे. बॉडीतले आटे गेले तर काम पायरीपुरतं राहत नाही. तीच बिजागरी तुमचं दार धरून उभी असते.

म्हणून पहिला नियम: बिजागरीचे दोन भाग असतात, एक बॉडीवर, एक दारावर. पायरी बॉडीकडच्या भागावरच लावायची. दाराकडे लावली तर सगळं वजन बिजागरीच्या पिनवर येतं, दार खाली बसतं, मग लॉक नीट लागत नाही आणि पावसाचं पाणी आत येतं.

दुसरा नियम: एका वेळी एकच बोल्ट काढा. दोन्ही एकदम काढले की दाराची जागा हलते आणि फटी एकसारख्या करता करता दिवस जातो. काढण्याआधी बिजागरीच्या कडेने मास्किंग टेप लावा, म्हणजे मूळ जागा कळेल आणि रंगही वाचेल. रँग्लरला टॉर्क्सचे बोल्ट असतात. नेमक्या मापाचा बिट घ्या, खाचेत पूर्ण बसवा. अर्धवट बसवून जोर लावला की डोकं गोल होतं. फॅक्टरीचा बोल्ट रंगाने घट्ट बसलेला असतो, त्यामुळे गंज सोडवणारं तेल टाकून पंधरा मिनिटं थांबा.

तिसरं, प्लेट मध्ये आली की बोल्ट लांब लागतो. जुना बोल्ट जितके आटे आत जात होता, किमान तितके नव्याचेही गेले पाहिजेत. हाताने फिरवून मोजा. आणि आत जाऊन दुसरीकडे आपटत नाही ना, तेही बघा. प्लेटखाली जाड रबर घालू नका. रबर दबतं आणि बोल्ट सैल होतो. रंग खरवडला असेल तर टचअप करून वाळू द्या, मग प्लेट बसवा. विशेषतः कोकणात फिरणार असाल तर हे टाळू नका. खारी हवा उघडा पत्रा शोधतच असते.

आट्यांना निळं थ्रेडलॉक लावा. लाल नको, ते नंतर निघता निघत नाही. किती आवळायचं तो आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. मग बोल्ट आणि प्लेट यांच्यावरून मार्करने एक रेघ मारा. पाच-सातशे किलोमीटरनंतर बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. आणि हो, दार हळूहळू पूर्ण उघडून बघा, पायरीला कुठे घासत नाही ना.

वापरताना तीन आधार लक्षात ठेवा: दोन हात, एक पाय. चिखलाचे बूट पुसून घ्या. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये. काम झालं की पायरी दुमडा. उघडी राहिली तर गल्लीत बाजूने जाणाऱ्या स्कूटरवाल्याच्या गुडघ्याला लागेल.

चालत्या गाडीच्या पायरीवर कुणी उभं राहायचं नाही, रीलसाठीसुद्धा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ नेमकं यावरच आहे. गाडीतल्या बदलांसाठी कलम ५२ आहे, तेव्हा न दुमडणारं, बाहेर आलेलं टोक लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

शेवटी खरेदीचं सांगतो. पॅकेटवर वजनाची मर्यादा लिहिलेली नसेल, तर ती पायरी परत ठेवा. वजन किती पेलेल हे बनवणाराच सांगत नसेल, तर आपण आपला पाय ठेवून का शोधायचं? मग फोल्डिंग शिडी घ्या. ती डिकीत जागा खाते खरी, पण गाडीच्या एकाही बोल्टाला हात लावत नाही.

तुमच्या गाडीला काय लावलंय ते कळवा. भेटू पुढच्या भागात.