उद्याची पंगत



श्रोते मायबाप, आज सप्त्याची सातवी रात्र. सात दिवसांत या मंडपातली वीणा खाली टेकली नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने गळ्यात घातली. रात्री तीन वाजता मंडपात कोण असतं हो? वीणेकरी, डुलक्या घेणारा एखादा टाळकरी, आणि पांडुरंग. पण कोणी नाही म्हणून वीणेकरी वीणा ठेवून घरी जातो का? नाही. हा आपला नेम.

आता हाच नेम सातासमुद्रापलीकडे एका डॉक्टरने धरला, तो ऐका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टकोमा नावाचं शहर. तिथे गॉर्डन क्लॅट नावाचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. १९८५ सालच्या मे महिन्यात ते एका मैदानावर उतरले आणि २४ तास चालत-पळत राहिले. ८३ मैल झाले. लोक पैसे देऊन अर्धा-अर्धा तास त्यांच्या जोडीने चालले. २७,००० डॉलर जमले, ते कॅन्सरच्या कामाला गेले. पुढच्या वर्षापासून टोळ्या करून, पाळीपाळीने चालणं सुरू झालं. एकाने थांबायचं, दुसऱ्याने निघायचं, मैदान रिकामं राहू द्यायचं नाही. कारण दुखण्याला रात्र कळत नाही. सांगा, हा पहारा नाही तर काय आहे?

आणि तिथे पहिली फेरी कोणाची असते? मोठ्या देणगीदाराची? नाही माऊली. आजारातून उठलेल्यांची. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी जेवण असतं. आणि रात्री, जे गेले त्यांच्या नावाने दिवे लावतात. हे दिवे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहेत.

तर आपल्या सप्ता कमिटीने यंदा ठरवलं, उद्या काल्याच्या महाप्रसादाला पंचक्रोशीतले कॅन्सरमधून उठलेले २३ पाहुणे बोलवायचे. पहिली पंगत त्यांची. आणि पेटीत जो निधी जमेल तो औषधपाण्यासाठी मुंबईला जाणाऱ्या गरीब रोग्यांना द्यायचा. परळचं टाटा रुग्णालय १९४१ सालापासून उभं आहे. पण तिथे पोचलेल्या माणसाने राहायचं कुठे? गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन कीर्तनं केली आणि धर्मशाळा बांधल्या. आज त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, आणि कॅन्सरचे रोगी तिथे उतरतात. कीर्तनातून उभं राहिलेलं काम कुठवर जातं बघा. कीर्तनाची पेटी अशा कामाला लागली तर ती पंढरपूरला पोचली असं समजा.

ठराव चांगलाच आहे. पण नुसत्या ठरावाने पोट भरत नाही, स्वयंपाक लागतो. काल आचाऱ्याने यादी वाचून दाखवली. कळीची बुंदी, मसालेभात, वांग्याची झणझणीत भाजी, पुऱ्या. ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण मायबाप, ज्याच्या तोंडाला पाणी सुटतच नाही त्याचं काय? आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर फार. त्याला विजेचा शेक देतात तेव्हा लाळेच्या गाठी सुकतात. पुरीचा घास फिरवायला तोंडात ओल लागते, ती त्याच्याकडे नाही. तिखट लागलं की आग. जबडा पुरता उघडत नाही. त्याच्या पानात तुम्ही पुरी नि वांगं वाढलंत, तर तुम्ही त्याचा सत्कार केलात की परीक्षा घेतलीत?

म्हणून यादी बदलली. मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार. दुधी भोपळ्याची पातळ, बिनतिखट भाजी. शेवयांची खीर, केळ्याचं शिकरण. प्रत्येकाच्या पानाशी पाण्याचा तांब्या. ज्यांचे उपचार अजून चालू आहेत त्यांच्यासाठी अन्न ताजं, वाफाळतं. कच्ची कोशिंबीर नाही, पाणी उकळलेलं. आणि सर्वांत आधी काय? प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारायचं, "तुम्हाला काय चालतं?" पांडुरंगाचा नैवेद्य आपल्याला पाठ आहे, माणसाचा विचारून घ्यावा लागतो.

कोणी म्हणालं, "महाराज, महाप्रसाद ठरलेला असतो, तो बदलायचा कसा?" अहो, गाडगेबाबांनी काय केलं? लेकीच्या बारशाला त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू ठेवायची, तिथे त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. लोक रागावले. बाबांनी रिवाज पाहिला नाही, जेवणाऱ्याचं हित पाहिलं.

आता वाढप्यांनो, इकडे लक्ष द्या. आपल्या पंगतीची शोभा कशात? आग्रहात! "घ्या हो, अजून एक, माझ्या गळ्याची शपथ!" उद्या पहिल्या पंगतीत आग्रह बंद. ज्याचं जठर किंवा अन्ननलिका कापलेली आहे त्याला दोन घासांत पोट भरतं, पुढचा घास त्रास देतो. पण आग्रह नको म्हणून त्या बाजूला फिरकायचंच नाही, असंही नको. एखाद्याचं स्वरयंत्र काढलेलं असतं. त्याला "भात आणा" असं ओरडता येत नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं. तो अर्धा तास जेवला तर अर्धा तास उभं राहायचं, आणि त्याच्या आधी पंगत उठवायची नाही. वीणेकरी उभा राहतो ना? तसं.

आणि विडा? विडा नाही. तंबाखूचं तर नावच नको, पण सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो, हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. एक तात्या मला म्हणाले, "महाराज, सुपारीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही." मी म्हटलं, "तात्या, पहिल्या पंगतीतल्या पाहुण्यांना विचारा, सुपारी खाल्ल्यावर काय झाल्यासारखं वाटतं!"

पैशाचं सांगतो, कारण देवाच्या दारात हिशोब स्वच्छ हवा. तांदूळ, मूग, गूळ, तूप हे सगळं शिध्याच्या रूपाने येऊ द्या. पेटीतला एक रुपयाही जेवणावर खर्च व्हायचा नाही. जमलेला आकडा उद्या याच मंडपात मोठ्याने वाचायचा. पण पाहुण्यांची नावं वाचायची नाहीत. त्यांना व्यासपीठावर उभं करून, हार घालून, फोटो काढून, "बघा हो, हे बरे झाले, टाका पेटीत पैसे," असं करायचं नाही. ते पाहुणे आहेत, देखावा नाहीत. ज्याला आपण होऊन बोलायचं असेल त्याने बोलावं, त्याच्यासाठी माझी गादी मोकळी आहे.

आता मुख्य गोष्ट. परवा एक माऊली पदराने डोळे पुसत आल्या. मालक गेल्या वर्षी गेले. म्हणाल्या, "महाराज, ही पंगत जिंकलेल्यांची आहे ना? मग आम्ही हरलेल्यांनी यायचं का?"

काय उत्तर द्याल? आपणच म्हणतो, अमक्याने कॅन्सर जिंकला. मग जो गेला तो हरला का? त्याने औषध कमी घेतलं? नाम कमी घेतलं? नाही हो! देह कोणाचा किती टिकावा हे त्याच्या पुण्याचं मोजमाप नाही. मोठमोठ्या संतांनीही देह ठेवला, तो काय हरून ठेवला? मी त्या माऊलींना सांगितलं, "तुम्ही या. पहिल्या पंगतीतच बसा. आणि मालकांच्या नावाने उद्या पहाटे काकड्याच्या वेळी एक दिवा लावा." ज्यांच्या घरातलं कोणी गेलं असेल त्या सगळ्यांनी लावा. टकोमाच्या मैदानात लागतो तो दिवा आपल्या मंडपात लागायला काय हरकत आहे?

म्हणून तर उद्याचा दिवस काल्याचा आहे. काला म्हणजे काय? गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कोणाचं लोणी, कोणाचा दहीभात, आणि कोणाच्या फडक्यात नुसता शिळ्या भाकरीचा तुकडा. तो बिचारा लाजून मागे बसला. देव त्याच्याजवळ गेला, तुकडा मागून घेतला, सगळ्यात कालवला. मग माझं कुठलं, तुझं कुठलं? सांगतात, त्या काल्यासाठी देव यमुनेत मासे होऊन आले, की पोरं हात धुतील आणि एखादं शीत मिळेल. स्वर्गात अमृत असून देव का आले? तिथे अमृत असेल, एका पानात जेवणं नसेल.

आणि आपण काय करतो? कॅन्सरच्या माणसाची ताटवाटी वेगळी ठेवतो. त्याच्या पेल्यातलं पाणी पीत नाही. मायबाप, शेजारी बसून जेवल्याने हा आजार लागत नाही. पण वेगळ्या ताटाने जो घाव बसतो तो कुठल्याही औषधाने भरत नाही. ज्या घरात तसं ताट असेल, त्या घराने आज रात्री ते इतर ताटांत मिसळून टाकावं. आणि उद्या त्या पाहुण्याच्या शेजारी बसावं, त्याच्या पानातली खिचडी आपल्याही पानात घ्यावी, आणि काल्याचा घास एकमेकांच्या मुखात घालावा.

पाने सकाळी अकराला मांडू. ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्च्या आहेत. वाढप्यांनी दहालाच यावं, हात धुऊन. आता वीणेकऱ्यांच्या साथीला उभे राहा, आणि नामाचा गजर होऊ द्या.

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!