नाव झाकून लिहिलेली गाणी
(चिखली येथील भाषण)

चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने खेड ओलांडले की मंचर लागते. शान्ता शेळके (१९२२–२००२) या तेथल्याच शेळक्यांची लेक. मुलांसाठी त्यांनी आपल्या नावाने लिहिले. चित्रपटगीतांवर मात्र काही काळ ‘डॉ. वसंत अवसरे’ हे पुरुषाचे नाव घातले. का? त्या तेव्हा चित्रपट तपासणाऱ्या सेन्सॉर मंडळावर होत्या. पारखणाऱ्यानेच गाणी लिहिली तर लोक बोलणारच. बाजारात तराजू धरणारा स्वतःचाच माल तोलू लागला, तर आम्हीही काट्याकडे पाहतोच की! नाव झाकल्याने हात बदलत नाही, हे खरे. तरी बाईने लेखणीच खाली ठेवावी, हे आम्हांस कबूल नाही. पुढे ती गाणी त्यांच्याच नावावर आली.