मोटरची बैठक

होडीला मोटर लावली म्हटलं की लोक मोटरीचीच चौकशी करतात. किती हॉर्सपॉवरची, पेट्रोल किती खाते, केवढ्याला पडली. ती होडीला कशावर बसवली आहे, हे कुणी विचारत नाही. मीही विचार केला नव्हता. त्याची ही गोष्ट.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं सोळा फुटी शिडाची होडी घेतली. ती दाभोळच्या खाडीत असते. शीड असताना मोटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. नऊ-दहाच्या सुमाराला तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होईपर्यंत मध्ये पान हलत नाही. त्यात ओहोटी असली तर पाणी होडीला सरळ समुद्राकडे ओढून नेतं. मोटर हवी ती एवढ्या वेळापुरती.

शिडाच्या होडीची मागची फळी पाण्यापासून बरीच उंच असते आणि मधोमध सुकाणू असतं. म्हणून मोटर एका बाजूला, खाली उतरणाऱ्या ब्रॅकेटवर बसवतात. मी तयार ब्रॅकेट आणलं, होडी वाळूवर असताना नजरेनंच उंची ठरवली आणि चार लाकडी स्क्रू पिळून ते फळीवर बसवलं. तासाभरात काम झालं म्हणून खूश होतो!

डिसेंबरातल्या एका सकाळी भाच्याला घेऊन निघालो. अंजनवेलच्या गोपाळगडाखाली आलो आणि वारा पडला. ओहोटी लागली होती. मोटर सुरू केली. भाचा पुढे नाळेपाशी बसलेला, त्यामुळे मागची बाजू हलकी झालेली. प्रत्येक लाटेला पंखा पाण्याबाहेर येऊन मोटर किंचाळायची, पुन्हा पाण्यात आपटायची. पाच-सात हिसके बसले असतील. मग कर्रकन आवाज झाला आणि वरचे दोन स्क्रू लाकडाचा ढलपा घेऊन बाहेर आले. मोटर बंद केली आणि ते पंचवीस किलोंचं धूड दोन्ही हातांनी धरून बसलो. सुकाणू मोकळं. भाचा हळूच म्हणाला, "मामा, आपण बाहेर चाललोय."

त्यानंच नांगर टाकला. तो धरला म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. तासाभरानं खारा वारा आला आणि शिडावर घरी आलो.

होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुतारांनी ती फाटलेली फळी पाहिली आणि विचारलं, "मास्तर, मोटरीची उंची कुठं मोजलीत?"

"वाळूवर."

"मग ती वाळूवर चालेल."

पुढचं सगळं त्यांच्याकडून शिकलो. माप पाण्यात घ्यायचं, आणि माणसं नेहमीच्या जागी बसवून. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. मोटर खाली उतरवल्यावर ती होडीच्या तळापेक्षा साधारण इंचभर खाली यायला हवी. छोट्या मोटरींचे दांडे बहुधा १५ किंवा २० इंची असतात. माझा १५ इंची, म्हणजे मुळात आखूड. ब्रॅकेट स्प्रिंगचं, वर-खाली होणारं असावं. शिडावर जाताना मोटर वर उचलली नाही तर पंखा पाण्यात ब्रेकसारखा अडतो. सुकाणू पूर्ण वळवून ते पंख्याला लागत नाही ना, हेही पाहायचं. आणि सुकाणूपाशी बसून मोटरीपर्यंत हात पोचला पाहिजे.

दुसरी गोष्ट मजबुतीची. मोटरीचं वजन ब्रॅकेटला मागे ओढतं, पंख्याचा जोर त्याचा खालचा भाग पुढे रेटतो. दोन्हींचा परिणाम एकच, वरचे स्क्रू उपटले जातात. म्हणून तिथं स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. फळीच्या आतून सागवानाचा जाड तुकडा आणि मोठे वॉशर, म्हणजे ताण सगळ्या फळीवर पसरतो. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, खाऱ्या पाण्यात ते अधिक टिकतात. भोकात सीलंट भरायचं. नाहीतर पाणी शिरून लाकूड आतल्या आत कुजतं, आणि वरून रंग मात्र झकास दिसतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त. मोटरीचे पकड-स्क्रू थरथरीनं सैल होतात, ते दर वेळी तपासायचे. शिवाय मोटरीला एक दोरी हवी, आणि तिचं दुसरं टोक होडीला बांधायचं, ब्रॅकेटला नव्हे. ब्रॅकेटच निघालं तर त्याला बांधलेली दोरी काय कामाची?

या सगळ्याला मोटरीच्या किमतीच्या मानानं अगदी थोडा खर्च आला. पण दुकानात माझं सगळं लक्ष मोटरीवर होतं. ब्रॅकेट मी शेवटी, "आणि तेही द्या" म्हणून घेतलं होतं.

भाचा अजून माझ्याबरोबर येतो. होडी पाण्यात ढकलल्यावर तो आधी मागे जातो, दोन्ही हातांनी ब्रॅकेट गदागदा हलवून बघतो आणि विचारतो, "मामा, दोरी बांधलीत?" त्याला उत्तर दिल्याशिवाय आम्ही शीड चढवत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)