वाटे ठरलेले, तरी वसियत हवी

मालेगावच्या यंत्रमागवाल्या घरात किंवा जुन्या नाशकात, ‘शरियतने वाटे ठरवलेत, मग कागद कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. वाटे ठरलेले आहेत, हे खरेच. आधी दफनखर्च, कर्ज आणि थकलेला मेहर; उरलेल्यात मुले असल्यास पत्नीला आठवा हिस्सा आणि मुलीच्या दुप्पट मुलाला. पण आजोबांआधी वडील वारले आणि काका हयात असले, तर त्या पोरक्या नातवंडांना काहीच मिळत नाही. माग त्यांच्या वडिलांनीच चालवलेला असला तरी! इथे वसियत कामाची. एक तृतीयांशापर्यंत ती करता येते, आणि नातवंडे वारस नसल्याने कुणाची संमतीही लागत नाही. इजिप्तने १९४६ मध्ये अशी तरतूद कायद्यानेच बंधनकारक केली. आपल्याकडे ती आजोबांच्या मर्जीवर आहे.

मग मुलींचा वाटा बुडवायला ही पळवाट नाही का? सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसियत, मृत्यूनंतर इतर वारसांनी मान्य केल्याशिवाय चालत नाही. तोंडी वसियतही वैध आहे, पण कोर्टात ती शाबीत करताना वारसांची दमछाक होते. तलाठ्याकडच्या वारस नोंदीत बहिणीचे नाव गळले, तरी तेवढ्याने तिचा हक्क जात नाही.