जागेचा भाव आणि जागेची किंमत
(मानवत येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



कापसाचे पैसे हाती आले की आपल्या मानवतमध्ये एक बोलणे सुरू होते. "एखादा प्लॉट घेऊन टाकू. पैसा जागेत राहील." हा विचार वाईट नाही. जागा काही चोर उचलून नेत नाही. पण जागेचा भाव वेगळा आणि जागेची किंमत वेगळी. भाव तोंडाने सांगतात. किंमत कागदावर मांडावी लागते. आज आपण ती मांडून पाहू.

समजा, गावातल्या एका प्लॉटचा सौदा ६ लाख रुपयांना ठरला. आता वह्या उघडा आणि लिहा.

पहिला खर्च मुद्रांक शुल्काचा. वेगळे ठरले नसेल तर हे शुल्क घेणाऱ्याने भरायचे असते. ते नुसत्या सौद्याच्या रकमेवर नसते. सरकार दर भागाचा बाजारभावाचा तक्ता काढते. सौदा आणि तक्ता यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर शुल्क लागते. हिशेबापुरते शेकडा ६ धरू. झाले ३६,००० रुपये. दर गाव पाहून आणि काळ पाहून बदलतो, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आधी विचारावे. राहते घर एकट्या बाईच्या नावाने घेतले, तर २०२१ सालापासून शेकडा १ सूट आहे.

दुसरा खर्च नोंदणी फीचा. ती शेकडा १, म्हणजे ६,००० रुपये. शिवाय दस्ताच्या दर पानालाही शुल्क लागते. ते हिशेबापुरते ६०० रुपये धरू.

तिसरा खर्च दलालीचा. शेकडा २ ठरली असेल तर १२,००० रुपये. चौथा खर्च वकील, दस्त लिहिणारा आणि मोजणी यांचा. तो ८,००० धरू.

आता बेरीज करा. ६२,६०० रुपये होतात. म्हणजे भाव ६ लाख, पण किंमत ६ लाख ६२ हजार ६०० रुपये.

तीन वर्षांनी हाच प्लॉट साडेसहा लाखांना विकला. लोक म्हणतील, पन्नास हजार सुटले. सुटले का? विकताना पुन्हा शेकडा २ दलाली गेली, १३,००० रुपये. हाती आले ६ लाख ३७ हजार. गेले होते ६ लाख ६२ हजार ६००. म्हणजे २५,६०० रुपयांची खोट आली. दर वर्षाचा नगरपरिषदेचा कर यात धरलेला नाही. पैसे व्याजाने काढले असतील तर ते व्याज आणखी वेगळे. म्हणून लवकर विकायची जागा नफ्यासाठी घेऊ नये.

एवढा खर्च ऐकला की काही जण दुसरी वाट सांगतात. "नोंदणी कशाला? स्टँपवर लिहू, नोटरी करू, काम भागलं." पूर्वी हे शंभराच्या स्टँपवर चाले. २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो. पण स्टँप कितीचाही असो, नोटरीच्या सहीने जागा नावावर होत नाही. १९०८ सालचा नोंदणी कायदा सांगतो की शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या जागेचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते कचेरीत द्यावे लागते.

नोंदणी टाळून ४२,६०० रुपये वाचतात खरे. पण त्यासाठी ६ लाख उघड्यावर पडतात. विकणाऱ्याने तीच जागा दुसऱ्याला नोंदवून दिली, तर आपल्या हाती कागद राहतो आणि जागा त्याची होते. मग कोर्टाचे हेलपाटे. शेताला कुंपण घालायला पैसा लागतो. तो वाचवला तर पीक ढोरे खातात. नोंदणीचा खर्च हे असेच कुंपण आहे.

मग इसार देण्याआधी काय करावे?

सात-बारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. सही असलेला सात-बारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यावर विकणाऱ्याचेच नाव आहे का? बहीण-भावांची नावे आहेत का? बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का? "भोगवटादार वर्ग २" असे लिहिले असेल तर थांबावे. अशी जमीन परवानगीवाचून विकता येत नाही आणि बहुधा नजराणाही भरावा लागतो. शेत असेल तर ते अकृषिक झाले आहे का आणि प्लॉट पाडायला मंजुरी आहे का, हे विचारावे. तुकडेबंदीचा कायदा विसरू नये.

आणि खरेदीखत झाल्यावर घरी बसू नये. फेरफार होऊन आपले नाव उताऱ्यावर चढेपर्यंत पाठपुरावा करावा.

लोक आमच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. बहुतेक जण अंगठा उमटवून झाल्यावर येतात. तेव्हा वाचून काय उपयोग? तुम्ही आता अक्षरे शिकलात. ती नुसती सही करण्यापुरती नाहीत. दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला आणि दक्षिणेला काय, हे जागेवर उभे राहून स्वतः वाचा. मोठ्याने वाचा. मिळाले तर सही करा. नाही मिळाले तर पैसे कनवटीलाच राहू द्या.